निखाऱ्याला हवा किती द्यावी?

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला मक्याची कणसे भाजणारी गाडी तुम्ही पाहिली असेल. लोखंडी शेगडीत कोळसे असतात आणि त्यांवर राखेची पातळ साय धरलेली असते. गिऱ्हाईक आले की कणीसवाला पुठ्ठ्याचा तुकडा उचलतो आणि भराभर वारा घालतो. राख उडते, ठिणग्या उडतात, निखारे लालभडक होतात आणि दोन-तीन मिनिटांत कणीस भाजून निघते. गिऱ्हाईक गेले की पुठ्ठा बाजूला पडतो आणि निखारे पुन्हा राखेची साय पांघरून बसतात.

कोळसे तेच, शेगडी तीच. बदलली ती फक्त हवा.

आता याच्या उलट करून पाहू. वारा घालण्याऐवजी शेगडी चहूबाजूंनी बंद केली, वर घट्ट झाकण ठेवले आणि हवेसाठी फक्त दोन लहान भोके ठेवली, तर काय होईल? विस्तव विझणार नाही आणि भडकणारही नाही. तो दहा-बारा तास एकाच मंद तापमानाला धुमसत राहील. नेमक्या याच तत्त्वावर चालणारे एक साधन अमेरिकेत कित्येक घरांच्या मागच्या अंगणात दिसते. तिकडे त्याला ‘स्मोकर’ म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी ‘धूरभट्टी’ म्हणू या.

धूरभट्टी कशी निवडावी आणि कशी चालवावी, हे या लेखात पाहायचे आहे. ते पाहताना ज्वलन, अभिसरण, बाष्पीभवन असे तुमच्या पाठ्यपुस्तकातले पाहुणे एकामागून एक भेटतील. शेवटी एक गंभीर गोष्ट सांगायची आहे. ती अमेरिकेपुरती नाही, आपल्या घरातलीही आहे. म्हणून लेख अर्ध्यावर सोडू नका.

कोळसा म्हणजे अर्धवट राहिलेली आग

प्रथम कोळशाची ओळख करून घेऊ. हा खाणीतला दगडी कोळसा नव्हे, लाकडाचा कोळसा. रायगड, ठाणे भागांतली कित्येक कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की कोळसा पाडण्याच्या कामासाठी घर सोडून दूर जातात. लाकडे रचून त्यांवर पालापाचोळा आणि माती लिंपतात, हवेसाठी थोडी भोके ठेवतात आणि आत विस्तव लावून देतात. भट्टी कित्येक दिवस धुमसते. आतल्या लाकडाला उष्णता भरपूर मिळते, पण जळायला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. आधी पाणी वाफ होऊन जाते. मग तापमान तीनशे अंशांच्या घरात गेले की लाकडाचे घटक फुटतात आणि त्यांतून डांबर, आम्ले आणि निरनिराळे वायू बाहेर पडतात. मागे राहतो तो बहुतांशी कार्बन. भट्टीवरचा माणूस हे सारे धुराच्या रंगावरून ओळखतो. धूर पांढरा दाट असेपर्यंत पाणी जात असते. तो विरळ आणि निळसर झाला की कोळसा तयार होत आला. मग भोके बुजवायची. नाहीतर कोळसाच जळून राख व्हायची.

पाच-सहा किलो किंवा त्याहूनही अधिक लाकडामागे एक किलो कोळसा हाती येतो. मग एवढा खटाटोप कशासाठी? वाळलेल्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर कोळशाच्या किलोपासून जवळजवळ दुप्पट, २८ ते ३० मेगाज्यूल. शिवाय कोळसा ज्वाळेवाचून आणि फारशा धुरावाचून जळतो. धूर देणारे पदार्थ भट्टीतच निघून गेलेले असतात. म्हणूनच कोळशाचा विस्तव आवरायला सोपा. धूरभट्टीला असाच विस्तव लागतो.

अमेरिकेत कोळशाच्या ठोकळ्यांना ‘ब्रिकेट’ म्हणतात. मोटारींसाठी प्रसिद्ध असलेले हेन्री फोर्ड यांनी १९२० नंतरच्या दशकात मिशिगन राज्यात असे ठोकळे बनवण्याचा कारखाना काढला. मोटारींचे लाकडी भाग कापताना उरणारे तुकडे आणि भुसा वाया जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब होता. सगळे ठोकळे सारख्या आकाराचे असल्याने ते सारख्या गतीने जळतात. ओबडधोबड कोळसा अधिक गरम जळतो आणि राख कमी ठेवतो. पण त्याचे तुकडे लहान-मोठे असल्याने तापमान थोडे वरखाली होते. नवशिक्याने ठोकळ्यांपासून सुरुवात करावी.

खड्ड्यातून अंगणात

‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांतल्या टाइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ लाकडाचा माच. त्यावर ठेवलेले मांस किंवा मासे खालच्या मंद विस्तवावर धुरी घेत शिजत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जमिनीत लांब खड्डे खणून, त्यांत लाकडाचे निखारे करून हे काम चाले. गुलामगिरीच्या काळात या खड्ड्यांशी रात्र-रात्र जागणारे बहुतेक लोक आफ्रिकी वंशाचे गुलाम होते. ही कला वाढवली ती त्यांनी. पुढे टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांच्या खाटीकखान्यांनी तिला आपली भर घातली. कॅरोलिनात डुकराचा खांदा, टेक्सासमध्ये बैलाच्या छातीचे मांस असे प्रांताप्रांताचे प्रकार ठरले. दोन्ही मांसे चिवट. मंद आचेवर तासन् तास राहिल्याखेरीज ती खाण्याजोगी होत नाहीत.

खड्डा घरोघर कोण खणणार? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर अंगणाची घरे वाढली आणि खड्ड्याची जागा लोखंडी भांड्याने घेतली. शिकागोजवळच्या एका धातुकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करत. तेथे पाण्यावर तरंगणारे खुणेचे पिंप, म्हणजे ‘बोया’, बनत. १९५२ साली त्यांनी अशा एका धातूच्या गोळ्याचे दोन अर्धगोल केले. खालच्यात विस्तव, वरचा झाकण, आणि दोन्हींत हवेची भोके. उघड्या जाळीवर वारा येईल तशी आग भडके. या गोल भांड्यात ती माणसाच्या हुकमात आली.

दोन भोके, दोन कामे

हा हुकूम चालतो कसा? १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळायला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. या हिशेबाने एक किलो कार्बनला सुमारे २ घनमीटर ऑक्सिजन हवा. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्के. म्हणजे हवा लागेल सुमारे साडेनऊ घनमीटर.

समजा, धूरभट्टीत तासाला ४०० ग्रॅम कोळसा जळतो आहे. त्याला तासाला सुमारे पावणेचार घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला साधारण एक लिटर हवा पुरते. याहून जास्त द्याल तर विस्तव वाढेल, कमी द्याल तर मंदावेल. कोळसा भांडेभर असला तरी जळेल तेवढाच, जेवढ्याला हवा मिळेल. गॅसच्या शेगडीत आपण इंधनाची चावी फिरवतो. धूरभट्टीत चावी असते ती हवेची.

खालच्या भोकातून हवा आत येते. ती तापून हलकी होते, वर चढते आणि वरच्या भोकातून बाहेर पडते. तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाते. हे अभिसरण. दोन्हीपैकी कोणतेही एक भोक बंद केले तरी प्रवाह थांबतो.

हे घरी पडताळता येईल. मोठ्या माणसाला सोबत घ्या. टेबलावर एक लहान मेणबत्ती पेटवून तिच्यावर कंदिलाची काच उभी ठेवा. काचेचा खालचा काठ टेबलाला घट्ट टेकला पाहिजे. वरचे तोंड उघडे असूनही ज्योत मंदावते, थरथरते आणि बहुतेक वेळा विझते. आता काच दोन पेन्सिलींवर टेकवून किंचित उचला. ज्योत स्थिर जळू लागते. मग वरच्या तोंडावर पत्र्याचा तुकडा धरा. खाली फट असूनही ज्योत पुन्हा गुदमरते. काच तापते, तेव्हा फडक्याने धरा. या प्रयोगात तुम्ही धूरभट्टीच चालवली, फक्त कोळशाऐवजी मेणबत्तीवर.

कोणती भट्टी निवडावी?

बाजारात पाच प्रकार मुख्य आहेत. नावांनी गोंधळू नका. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा: हवा फक्त भोकांतूनच आत येते का? भिंत उष्णता किती धरून ठेवते? आणि विस्तव व अन्न यांच्यात काय आहे?

पहिला प्रकार गोल भांड्याचा. यात कोळसे एका कडेला रचतात आणि अन्न दुसऱ्या कडेला ठेवतात. अन्नाला थेट प्रारण न मिळता झाकणाखाली फिरणारी गरम हवा मिळते. किंमत कमी, आणि भाजणे व धुरी देणे ही दोन्ही कामे होतात.

दुसरा प्रकार उभ्या नळकांड्याचा. तळाशी विस्तव, मध्ये पाण्याची परात, तिच्यावर जाळी आणि वर घुमटासारखे झाकण. परातीतले पाणी तीन कामे करते. पाण्याची विशिष्ट उष्णता मोठी असल्याने विस्तव थोडा वरखाली झाला तरी आतले तापमान लगेच उडी मारत नाही. दुसरे, वाफेमुळे अन्नाचा पृष्ठभाग ओलसर राहतो आणि त्यावर धूर चांगला बसतो. तिसरे, वरून गळणारी चरबी निखाऱ्यांवर न पडता परातीत पडते. नवशिक्याला हा प्रकार सर्वांत सोपा.

तिसरा प्रकार पिंपाचा. दोनशे लिटरचे नवे, आतून रंग न दिलेले पोलादी पिंप घेऊन पुष्कळ लोक तो घरीच बनवतात. चौथ्यात विस्तवाची पेटी बाजूला असते आणि धूर आडव्या नळकांड्यातून जातो. हा दिसायला झोकदार, पण स्वस्त भट्ट्यांचा पत्रा पातळ आणि सांधे सैल असतात. हवा नको तेथून शिरते आणि दर अर्ध्या तासाला विस्तवाशी बसावे लागते.

पाचवा प्रकार जाड मातीच्या किंवा सिरॅमिकच्या अंड्यासारख्या भांड्याचा, त्याला ‘कामाडो’ म्हणतात. कामाडो हा जपानी शब्द आणि त्याचा अर्थ चूल. युद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ही भांडी मायदेशी नेली. आपला तंदूरही याच घराण्यातला: जाड मातीची भिंत आणि तळाशी हवेचे भोक. जाड भिंतीतून उष्णता हळू वाहते, म्हणून कोळसा थोडाच लागतो. पण तापमान एकदा चढले की ते लवकर उतरत नाही, आणि भांडे फार जड व महाग असते.

विकत घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करा. अंधारात पेटती बॅटरी भट्टीत ठेवून झाकण लावा, भोके बंद करा आणि बाहेरून पाहा. जेथून प्रकाश येतो तेथून हवाही येणार. सांध्यांतून प्रकाशाच्या रेघा दिसल्या, तर ती भट्टी कितीही चकचकीत असली तरी तुमच्या हुकमात राहणार नाही.

पेटवण्याची रीत

धूरभट्टीला १०५ ते १२५ अंश सेल्सिअस तापमान पुरते. नवशिक्याची नेहमीची चूक अशी की तो सगळा कोळसा एकदम पेटवतो. मग आवरता आवरत नाही. खरी रीत अशी: न पेटलेला कोळसा भरून मध्ये खळगा ठेवायचा आणि फक्त दहा-पंधरा निखारे त्या खळग्यात टाकायचे. विस्तव शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे हळूहळू सरकत जातो, उदबत्ती जळत जावी तसा.

हे थोडे निखारे करण्यासाठी रॉकेल वापरू नये. त्याचा वास अन्नाला लागतो, आणि पेटत्या कोळशांवर ते ओतणे तर जिवावर बेतते. पत्र्याचा उंच डबा, तळाशी जाळी, खाली वर्तमानपत्राचे बोळे आणि वर कोळसे, एवढ्यावर काम होते. डबा धुराड्यासारखी हवा ओढतो आणि पंधरा-वीस मिनिटांत निखारे तयार होतात.

वरचे भोक कायम उघडे ठेवा, तापमान खालच्या भोकांनी आवरा. तापमापक ९५ अंशांच्या जवळ आला की खालची भोके निम्म्याहून अधिक बंद करायला लागा. तापमान चढत असताना रोखणे सोपे, चढल्यावर उतरवणे कठीण. प्रत्येक बदलानंतर पंधरा मिनिटे थांबा. आणि झाकण उगीच उघडू नका. उघडले की आतली उष्णता निघून जाते, पण विस्तवाला मात्र भरपूर हवा मिळते. झाकण लावल्यावर तापमान आधीपेक्षा वर जाते ते यामुळेच. काही तासांनी तापमान कारण नसता उतरू लागले, तर राखेने खालची भोके बुजली आहेत का ते पाहा.

मांसाहार न करणाऱ्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. वांगी, बटाटे, कणसे, टोमॅटो, पनीर यांनाही धुरी उत्तम लागते, आणि त्यांना दहा तासही लागत नाहीत.

धुराचा रंग

कोळसा फारसा धूर देत नाही, मग धुरी कुठून येते? त्यासाठी कोळशांत कठीण लाकडाचे तीन-चार ठोकळे ठेवतात. अमेरिकेत ओक, हिकरी किंवा सफरचंदाचे. आपल्याकडे आंबा किंवा पेरू चालेल. चीड-देवदारासारखे राळ असलेले लाकूड काजळी धरते आणि चव कडू करते. रंग दिलेले किंवा औषध मारलेले लाकूड कधीही वापरू नये. लाकडातल्या लिग्निन नावाच्या पदार्थापासून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगे बनतात. धुरीचा वास मुख्यतः त्यांचा.

पण कोणता धूर चांगला? जाणते लोक म्हणतात, निळसर आणि विरळ. यामागे भौतिकशास्त्र आहे. धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असले, तर ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. आकाश निळे दिसते त्याच धर्तीवर. कण मोठे झाले की सर्व रंग सारखेच विखुरतात आणि धूर पांढरा दिसतो. पांढरा दाट धूर सांगतो की लाकूड ओले आहे किंवा नीट जळत नाही. कोळशाच्या भट्टीवरचा माणूस धुराचा रंग पाहून भट्टीच्या पोटातले ओळखतो, हे वर पाहिलेच.

धूर चवदार असला तरी तो अगदी निरुपद्रवी नाही. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखवले की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या एका कर्करोगाचे मूळ काजळीत आहे. काजळीतली बेंझोपायरीनसारखी संयुगे चरबी निखाऱ्यांवर गळून जळली की धुरात येतात आणि अन्नावर बसतात. पाण्याच्या परातीचे महत्त्व आता पटले असेल. असे पदार्थ सणावारी खावेत, रोज नव्हे.

अडलेला काटा

पाच किलोचा मांसाचा तुकडा भट्टीत ठेवला आणि त्यात तापमापक खुपसला, तर एक विचित्र गोष्ट दिसते. काटा सुरुवातीला नीट चढतो. ६५ ते ७० अंशांच्या आसपास आला की अडतो, आणि कधी कधी चार-चार तास हलत नाही. भट्टी तर ११० अंशांवर आहे. मग उष्णता जाते कुठे?

माठातले पाणी गार का होते, ते आठवा. मांसातले पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता मांसाकडूनच घेते. हिशेबच करून पाहा. मांसाची विशिष्ट उष्णता सुमारे ३.३ किलोज्यूल धरली, तर ५ किलो मांस ५ अंशांवरून ७० अंशांवर न्यायला सुमारे १०७० किलोज्यूल लागतात. आणि फक्त एक किलो पाण्याची वाफ करायला? सुमारे २२६० किलोज्यूल, म्हणजे दुपटीहून अधिक! मांसाला घाम येतो आणि तो घाम त्याला थंड ठेवतो.

अशा वेळी नवशिका घाबरून भोके सताड उघडतो आणि सगळे बिघडवतो. जाणकार एक तर थांबतो, किंवा तुकडा जाड कागदात नाहीतर अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळतो. बाष्पीभवन थांबले की काटा पुन्हा चढू लागतो. आत काय होत असते? स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन हळूहळू विरघळून मऊ जिलेटिन बनते. या क्रियेला वेळ लागतोच. म्हणून असे तुकडे आत ९० ते ९५ अंश होईपर्यंत ठेवतात. कोंबडीला इतके थांबावे लागत नाही. तिचे आतले तापमान ७४ अंशांवर गेले की रोगजंतूंची भीती सरते.

तयार मांस कापले की कडेला सेंटिमीटरभर गुलाबी पट्टा दिसतो. विस्तवातून निघालेले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू मांसातल्या मायोग्लोबिनला घट्ट चिकटतात, त्याचा तो रंग. जाणकार या पट्ट्याला कौतुकाची खूण मानतात. पण यातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू नीट ध्यानात ठेवा. आता त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

न दिसणारा वायू

मोजून हवा दिलेल्या विस्तवात सगळा कार्बन पूर्ण जळत नाही. खालच्या थरात बनलेला कार्बन डायऑक्साइड वर चढताना तापलेल्या कोळशांतून जातो आणि त्यांच्यातला कार्बन उचलून कार्बन मोनॉक्साइड बनतो. फुललेल्या शेगडीवर कधी कधी फिकट निळ्या ज्योती नाचताना दिसतात, तो हाच वायू वरच्या हवेत जळत असतो. पण ज्योत दिसली नाही, तर? तर तो न जळता बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. मांसात मायोग्लोबिनला चिकटतो, तसाच शरीरात हिमोग्लोबिनला. मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५७ साली ही गोष्ट मांडली. त्यांच्याच देशातले थोर कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमध्ये याच वायूने मरण पावले. शेजघरातली शेकोटी पेटलेली होती आणि तिचे धुराडे नीट वाहत नव्हते.

किती वायू पुरतो? तीन मीटर लांब, तीन रुंद आणि तीन उंच अशी बंद खोली घ्या: २७ घनमीटर. तीत एक किलो कार्बन जळला आणि त्यातला शंभरातला फक्त एक भाग कार्बन मोनॉक्साइड झाला, असे समजा. म्हणजे १० ग्रॅम कार्बन, त्यापासून वायू सुमारे २० लिटर. २७ हजार लिटर हवेत २० लिटर, म्हणजे दहा लाख भागांत सुमारे ७४०. एवढ्या हवेत माणूस बराच वेळ राहिला, तर त्याचे जवळजवळ निम्मे हिमोग्लोबिन अडवले जाते. आधी डोके दुखते, मळमळते, पाय लटके पडतात, मग शुद्ध जाते. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. आणि धुमसणारा कोळसा एक टक्क्यावर थांबत नाही, पुष्कळ अधिक वायू देतो.

म्हणूनच धूरभट्टीचा पहिला नियम: ती उघड्यावरच. पाऊस आला तरी घरात, मोटारीच्या खोलीत, तंबूत किंवा बंद व्हरांड्यात आणायची नाही. काम संपल्यावर दोन्ही भोके बंद करून ती बाहेरच निवू द्यायची. राखेत दुसऱ्या दिवशीही निखारे असू शकतात.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे धूरभट्टी कुठे आहे? धूरभट्टी नसेल, पण शेगडी आहे. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात बातम्या येतात: थंडीसाठी बंद खोलीत शेगडी ठेवून कुटुंब झोपले आणि सकाळी उठले नाही. महाराष्ट्रातही बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला शेक-शेगडी देण्याची चाल आहे. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावतात आणि निखाऱ्यांवर ओवा, शेपा टाकून धुरी देतात. घरची माणसे शेगडी बाहेर चांगली फुलवून, धूर गेल्यावरच आत आणतात, आणि मनाशी म्हणतात, ‘आता धूर नाही, आता भीती नाही.’ त्यांची माया खरी, पण हिशेब चुकीचा. धूर गेला म्हणजे लाकडाचा अंश गेला. कार्बन मोनॉक्साइड निघतो तो त्या लाल, स्वच्छ, निर्धूर दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनच. बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद, म्हणून विष त्याला लवकर चढते.

तुमच्या घरी असा प्रसंग असेल, तर आजीशी वाद घालू नका. तिला मेणबत्तीचा आणि कंदिलाच्या काचेचा प्रयोग दाखवा, मग हे समजावून सांगा. शेक द्यायचाच तर शेगडी दाराबाहेर ठेवून फडके गरम करून आणता येते, गरम पाण्याची पिशवीही चालते. कोणी बंद खोलीत शेगडीजवळ बेशुद्ध आढळले, तर आधी दारे-खिडक्या उघडा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघून जायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर हे काम तास-दीड तासात होते.

कणीसवाल्याची शेगडी रस्त्यावर, उघड्या आभाळाखाली असते. त्याच्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघतो, पण वारा तो घेऊन जातो. निखाऱ्याला हवा किती द्यायची, हे तुम्ही काय शिजवणार यावर ठरवा. माणसाला मात्र ती मोजून द्यायची नसते.

विचार करा

१. १२ ग्रॅम कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते, कार्बन मोनॉक्साइड झाला तर फक्त १११ किलोज्यूल. अर्धवट ज्वलनात किती टक्के उष्णता वाया जाते?

२. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळा आणि दोन्हींवर पंखा सोडा. दहा मिनिटांनी कोणता काटा खाली दिसतो? याचा ‘अडलेल्या काट्याशी’ संबंध काय?

३. तुमच्या स्वयंपाकघराची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. दारे-खिडक्या बंद असताना त्यात एक किलो कार्बन जळला आणि वरच्याप्रमाणे एक टक्का अर्धवट राहिला, तर दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइड किती होईल? उत्तर काढा आणि घरी वाचून दाखवा.